काठावर पास

हाउसबोटीवर करण्यासारखं काहीही नसतं आणि पैसे मोजलेले असतात ते नेमके त्याचेच. काही न करता बसणं ज्यांना जमतं त्यांना जमतं. आपल्याकडे ते कुणी शिकवलेलंच नाही. आपण सुट्टीवर गेलो तरी पहाटे "चला, आवरा" अशी हाळी देणारी माणसं. आठवड्यात दोन राज्यं आणि तीन ज्योतिर्लिंगं उरकायची सवय लागलेला जीव केरळातल्या वेंबनाड तलावावर वेताच्या खुर्चीत नेऊन टाकला, की पहिला तास बरा जातो. फोटो निघतात, कुटुंबाच्या ग्रुपवर जातात, "मस्त" आणि "एन्जॉय" येतात. दुसऱ्या तासात नारळ लागतात. तिसऱ्या तासात पुन्हा नारळ लागतात आणि हे मघाचेच की नवे, यावर मतभेद होतात. चौथ्या तासाला माणूस उठतो, स्वयंपाकघरात डोकावतो आणि आचाऱ्याला विचारतो, "रात्री जेवायला काय?" दुपारची ताटं अजून विसळायची असतात.

आमचं बिऱ्हाड पाच जणांचं: मी, बायको, मेहुणी, साडू आणि सासूबाई. साडू मूळचे मालवणचे, राहायला डोंबिवलीत. मूळ गाव मुद्दाम सांगितलं, कारण झाडावर नारळ दिसला की त्यांच्या तोंडून एक वाक्य आपोआप बाहेर पडतं, "आमच्याकडे हे सगळं आहे. फक्त मार्केटिंग नाही." वेंबनाडच्या काठाला नारळाशिवाय दुसरं झाड शोधावं लागतं. यावरून आमच्या पहिल्या दिवसाचा अंदाज यावा.

बोट पाहून मात्र ते घटकाभर गप्प झाले होते. केट्टुवळ्ळम म्हणतात तिला. फळ्यांना खिळा म्हणून नाही, सगळं अंग काथ्याच्या दोरीने शिवलेलं. पूर्वी अशा बोटींतून कुट्टनाडचं भात कोचीला जायचं. मग रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले आणि बोटी रिकाम्या पडल्या. 1990 च्या दशकात त्यांच्यावर खोल्या चढवून पर्यटक भरायची टूम निघाली. तेव्हापासून भात वाहणारी बोट भात खाणाऱ्यांना वाहते. वजनात फारसा फरक पडला नसावा.

कुट्टनाड ही खरोखरच डोळे चोळून बघायची गोष्ट आहे. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली चालते. मधे मातीचा बांध, एका अंगाला काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या अंगाला, चांगलं पुरुषभर खाली, हिरवंगार शेत. आपण बोटीत बसून शेताकडे खाली वाकून बघायचं. 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक वारसा ठरवलं. सासूबाईंनी तिच्याकडे दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि विचारलं, "बांध फुटला तर?" आचारी कांदा चिरता चिरता म्हणाला, "फूटता है ना, माताजी. बीच बीच में." त्यानंतर सासूबाईंचं लक्ष निसर्गात लागलं नाही.

म्हणून सहलीच्या कागदावर मधल्या दिवसापुढे "आलेप्पी शहर – मोकळा वेळ" असं वाचलं, तेव्हा बोटीवर जी हालचाल सुरू झाली ती आदल्या दिवसभरात झाली नव्हती. न्याहारी बोटीवरच फुकट होती, तरी सगळे साडेआठला चपला घालून तयार. बोटीचा कप्तान म्हणजे चाळिशीचा, लुंगी दुमडून बसणारा शांत गृहस्थ. त्याने निघताना एकच गोष्ट बजावली. साडेपाचनंतर हाउसबोट हलवता येत नाही. कोळ्यांची जाळी लागतात. पाचला या, म्हणजे रात्री तलावात छान ठिकाणी नेऊन बांधतो. "पाच," असं म्हणून त्याने पंजा दाखवला. साडूंनी त्याला टाळी दिली.

आलेप्पीचं सरकारी नाव आलप्पुळा, पण रिक्षावाल्यांपासून बिस्किटाच्या दुकानापर्यंत दोन्ही नावं सुखाने नांदतात. गावाच्या कपाळी आणखी एक बिरुद चिकटलंय, पूर्वेचं व्हेनिस. ते लॉर्ड कर्झनने दिलं असं सांगतात. साडूंना हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, व्हेनिसवाले कधी स्वतःला पश्चिमेचं आलेप्पी म्हणवून घेतात का? मी त्यांना तापोळ्याला आपण मिनी काश्मीर म्हणतो त्याची आठवण करून दिली. त्यावर ते म्हणाले, "तेच. मार्केटिंग."

गावाच्या पोटातून दोन कालवे समांतर जातात आणि तलावाला बंदराकडे आणून सोडतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी हे बंदर वसवलं. कालवे खणले, वखारी बांधल्या आणि माल यावा म्हणून व्यापारी बाहेरून बोलावले. कच्छ-मुंबईकडचे गुजराती आले, त्यांची गल्ली आजही आहे. मिरी, सुंठ, वेलची तलावातून होड्यांनी कालव्यात यायची आणि तिथून समुद्राकडे. डोक्यात हे सगळं घेऊन कालव्याच्या कठड्यावर वाकलं, तर खाली जलपर्णी. पाण्याचा थेंब दिसू नये इतकी घट्ट, वर दोन बगळे. बायको आणि मेहुणी हळहळल्या. मी पुण्याचा असल्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

सासूबाईंचा पहिला हुकूम देवळाचा, कारण केरळातली देवळं दुपारी लवकर बंद होतात, ही माहिती त्यांनी निघण्याआधी भिशी मंडळातून मिळवली होती. केरळी देवळात पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. पन्नाशीच्या माणसाची भक्ती इथे कसाला लागते. तिथले पुरुष खांद्यावर सदरा टाकून सहज चालत होते. आम्ही दोघं साडू मात्र श्वास आत ओढून, छाती काढून, कुणाशीही न बोलता गाभाऱ्यापर्यंत गेलो. बोललं असतं तर श्वास सोडावा लागला असता. तीर्थ घेताना तो सुटलाच. पाठीमागून मेहुणी बायकोच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी देवाकडे पाठ करून हसल्या.

देऊळ होतं गौड सारस्वतांचं, तिरुमल देवस्वम. बाहेर ओट्यावर एक वयस्क गृहस्थ दुसऱ्या वयस्क गृहस्थांशी बोलत होते. साडू सदऱ्याची बटणं लावता लावता थबकले. कानावर पडत होती ती कोकणी! हेल वेगळा, मधे मल्याळम शब्दांची पेरणी, पण कोकणीच. माणसाचा चेहरा असा उजळलेला मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. ते पुढे झाले आणि मालवणीत विचारते झाले, "तुमचो गाव खंयचो?"

गृहस्थांनी पायाखालची जमीन दाखवली. गाव हाच. पण मूळ गोव्याचं.

"गोव्याहून कधी आलात?" साडूंनी विचारलं. रात्रीच्या गाडीने की सकाळच्या, या सुरात.

गृहस्थांनी जरा हिशेब केला. साडेचारशे वर्षं होत आली असतील, म्हणाले.

मग दोघांचं जे जमलं! एकाची मालवणी, एकाची केरळी कोकणी, अर्धं कळायचं, अर्ध्याला माना डोलायच्या. पोर्तुगीजांच्या काळात सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली ही घराणी किनाऱ्या-किनाऱ्याने कोचीपर्यंत आणि तिथून खाली पसरली. देव बरोबर घेऊन आली, भाषा बरोबर घेऊन आली आणि दोन्ही टिकवली. डचांचा कोचीतला अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलाबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवला, त्या कामात इथलाच चेरतलाकडचा वैद्य इट्टी अच्युतन होता आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी पंडितही होते. 1678 साली ॲम्स्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडात या तिघांचं कोकणीतलं प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत छापलेलं आहे. आपल्याकडे नागरी छपाई सुरू व्हायच्या कितीतरी आधी आपली अक्षरं हॉलंडात छापून झाली होती. हे मी साडूंना सांगितलं, तेव्हा ते पुढे काय म्हणणार हे मला माहीत होतं. पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी गृहस्थांना डोंबिवलीचा पत्ता लिहून दिला आणि गणपतीत यायचं आमंत्रण दिलं.

मुळ्ळक्कल हा गावातला मुख्य बाजाररस्ता. त्याच्यावरच भगवतीचं देऊळ, आणि डिसेंबरात तिथे चिरप्पाचा उत्सव असतो. म्हणजे आपली जत्राच. बांगड्या, फुगे, प्लास्टिकच्या बंदुका, भाजलेल्या शेंगा. एका बाजूला ही जत्रा आणि दुसऱ्या बाजूला थंडगार काचांच्या आत सोन्याची नि कापडाची दुकानं. बायको आणि मेहुणी कसवू साडी बघायला आत शिरल्या. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. साडी पांढरीच, काठ सोनेरीच, निवडायचं काय त्यात? तासाभराने मला समजलं की पांढऱ्याला सात छटा असतात, काठाला रुंदी असते, जरीला खरी-खोटी असते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मेहुणीने आधी हात लावलेली साडी बायकोला घेता येत नाही, पण तशीच दुसरीही चालत नाही. दुकानदार शांतपणे घड्या मोडत होता. आम्ही दोघं साडू बाहेर केळ्यांच्या वेफर्सवाल्यापाशी उभे राहिलो.

तो माणूस बघण्यासारखा होता. मोठी काळी कढई, त्यात खोबरेल तेल. हातात सोललेलं अख्खं नेंद्र केळं आणि दुसऱ्या हातात किसणी, ती थेट उकळत्या तेलावर धरलेली. केळं मागे-पुढे फिरायचं आणि चकत्या टपटप तेलात पडायच्या, बोटं तेलापासून वीतभर अंतरावर. चकत्या जरा पिवळ्या पडल्या की तो शेजारच्या वाडग्यातून हळद-मिठाचं पाणी पळीभर घेऊन सरळ तेलात ओतायचा. उकळत्या तेलात पाणी! साडू दोन पावलं मागे. कढई एकदम खवळायची, फेस काठापर्यंत यायचा आणि बसायचा. मीठ असं आत शिरतं. मग तो झारा ढवळत नुसता ऐकायचा. आवाज ओला असेपर्यंत थांबायचा, खडखडाट सुरू झाला की उपसायचा. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. आम्ही चव बघायला म्हणून जे घेतलं, त्यात पाव किलो संपलं. बायकांच्या साड्या व्हायच्या आत पुरावा नष्ट करणं भाग होतं.

सासूबाई या काळात एका काथ्याच्या दुकानात बसून पायपुसण्यांचा भाव करत होत्या. "फिक्स्ड प्राइस" अशी पाटी होती, ती त्यांना वाचता येत नव्हती असं नव्हे. आलेप्पी हे काथ्याचं गाव. 1859 साली जेम्स डॅरा नावाच्या गोऱ्याने इथे पहिला कारखाना घातला आणि आलेप्पीच्या चटया सातासमुद्रापार साहेबाच्या दारात जाऊन पडल्या. नारळाची सोडणं तलावाच्या पाण्यात सहा-सहा, दहा-दहा महिने कुजत ठेवतात, मग बडवून धागा सोडवतात, वळतात, विणतात. दुकानदाराने हे सगळं हाताने दाखवत सांगितलं. साडूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडेही सोडणं आहेत."

"त्यांचं काय करता?" दुकानदाराने हिंदीत विचारलं.

"आंघोळीचं पाणी तापवतो."

दुकानदार साडूंकडे बराच वेळ बघत राहिला. आख्खं एक शहर ज्याच्यावर उभं राहिलं, ते आम्ही न्हाणीच्या चुलीत घालून वर मार्केटिंगला दोष देतो, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत असावं. सासूबाईंनी तेवढ्यात दोन पायपुसण्यांवर एक लहान फुकट काढलं.

दुपारी इंडियन कॉफी हाउस. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं मिटवायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सहकारी संस्था काढायला लावली. 1958 साली त्रिशूरला केरळातलं पहिलं असं कॉफी हाउस उघडलं. तेव्हापासून मालकही तेच आणि वाढपीही तेच. पांढरा गणवेश, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. असा फेटा बांधलेला माणूस पाणी आणून ठेवतो तेव्हा आपण वऱ्हाडी आहोत असं वाटून सासूबाई सावरून बसल्या. मसाला डोसा आला. मेहुणीने तो उघडला आणि ओरडली. आतली भाजी लालभडक! बीट. डोशात बीट, कटलेटात बीट. ही इथली जुनी रीत. "पिवळी भाजी नाही मिळणार का?" मेहुणीने विचारलं. फेटेवाल्याने विनम्रपणे नाही म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर, डोशात पिवळी भाजी कशी काय असेल, हे कुतूहल होतं. शेवटी सगळ्यांनी खाल्ला. सासूबाईंनी दुसरा मागवला आणि "रक्ताला चांगलं" असं कारण दिलं.

दीपस्तंभाचं थोडक्यात सांगतो. 1862 चा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, समुद्रकाठी. आम्ही दोघं साडू चढलो. वरून एका बाजूला अरबी समुद्र दिसतो आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना नारळ. उतरलो. खाली वाळूत जुन्या धक्क्याचे खांब उभे आहेत. एके काळी त्यावरून जहाजांत माल चढायचा. आता त्यांच्यासमोर लग्न ठरलेली जोडपी फोटो काढतात.

परत धक्क्याकडे आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. हाउसबोटीवर जायला दीड तास होता आणि तिथे जाऊन करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. बोटीच्या थांब्यावर, एसटी स्टँडवर असते तशी, लाकडी बाकं. समोर राज्य जलवाहतूक खात्याची बोट लागलेली. शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, एक म्हातारी नि तिची कोंबडी. साडू चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन आले ते पांढरेफटक पडून.

"ही बोट आपल्याच तलावात जाते," ते म्हणाले.

"मग?"

"बसच्या भाड्यात."

कुटुंबावर शोककळा पसरली. हाउसबोटीचे आपण किती मोजले, हा आकडा कुणीही उच्चारला नाही. तो उच्चारायची गरजच नव्हती, पाचही जण मनातल्या मनात भागाकार करत होते. यावर एकच उपाय होता. आम्ही तिकिटं काढली आणि चढलो.

खरं सांगतो, सबंध सहलीत आम्ही पाण्यावर रमलो ते तेव्हाच. पुढे उंचावर सुकाणू धरून सारंग. त्याच्या हाताशी घंटेची दोरी. ती ओढली की मागे इंजिनवाला वेग कमी करणार, पुन्हा ओढली की वाढवणार; दोघं एकमेकांना दिसतही नाहीत. खलाशी दोरी घेऊन धक्क्यावर उडी मारतो, वेढा देतो, दोन बायका उतरतात, गॅसचं सिलिंडर चढतं, घंटा, निघाली. साडू सारंगाच्या पाठीशी जाऊन उभे राहिले, कारण सारंग नि खलाशी हे शब्द मालवणातही तेच. सासूबाईंना खिडकी मिळाली. शेजारच्या शाळकरी मुलीने त्यांना खुणेने विचारलं, कुठे उतरणार? सासूबाईंनी हात लांबवर दाखवला, शेवटी.

पुन्नमडा लागलं. नेहरू चषकाच्या नौका इथेच धावतात. 1952 साली पंडितजी आले होते, त्यांच्यासाठी सर्पनौकांची शर्यत लावली, ती बघून ते इतके खूश झाले की संरक्षणाचं भान सोडून जिंकलेल्या नौकेत जाऊन बसले, आणि दिल्लीला गेल्यावर चांदीची नौका चषक म्हणून पाठवली. एकेका नौकेत शंभरच्या आसपास माणसं, सगळी एकाच दिशेला वल्हवणारी. आमच्या सोसायटीची कमिटी सात जणांची आहे, असो.

त्याच पाण्यात, डाव्या हाताला, हाउसबोटींच्या रांगेत एक ओळखीची बोट दिसली. बायकोने आधी ओळखली. वेताच्या माझ्या खुर्चीत आमचा आचारी पाय लांब करून बसला होता. शेजारच्या खुर्चीत कप्तान. दोघांच्या मधे चहाची किटली. दोघंही काहीही न करता तलावाकडे बघत होते आणि ते त्यांना इतकं छान जमत होतं की मला हेवा वाटला. आम्ही पाचही जणांनी खिडकीतून हात हलवले. कप्तानाने आधी सवयीने हात हलवला, मग त्याने आम्हाला ओळखलं, मग तो उभा राहिला आणि त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सरकारी बोट घंटा वाजवून पुढे निघून गेली.

शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन तीच बोट परत फिरते, हे सासूबाईंनी आधीच शाळकरी मुलीकडून काढून घेतलं होतं. पोहोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. कप्तान धक्क्यावर लुंगी सोडून उभा होता, म्हणजे प्रकरण गंभीर. साडेपाच वाजून गेले, आता बोट हलणार नाही, त्याने हिंदीत सुनावलं. रात्रभर इथेच. ना तलाव, ना देखावा, ना शांतता. समोर रस्ता, रिक्षा आणि चहाची टपरी. "मेरे को मत बोलना फिर," असंही वर म्हणाला.

सासूबाईंनी पायपुसण्यांचं बोचकं त्याच्या हातात दिलं, चपला पायातच ठेवल्या आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, चिरप्पाची दुकानं रात्री कितीपर्यंत उघडी असतात, विचारा हो त्याला."